बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी : पंडिता रमाबाई, कृपा आणि मोकळं होणं

शलाका_नगर

सगळ्यांना जय ख्रिस्त, आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नमस्कार, धागा त्यांच्यासाठीपण आहे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा (पौलाने गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलेल्या) अभ्यास चालू आहे आणि दर बुधवारी गाडी एकाच ठिकाणी अडते. तारण कृपेने मिळतं, आपल्या कर्माने नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मग माणसाने बदलायचं कशाला? आणि बदल दिसला नाही तर त्याला कृपा मिळालीच नव्हती असं समजायचं का? एक गट म्हणतो नियम ढिले केले की पोरं हाताबाहेर जातात, दुसरा म्हणतो पौलाने काढलेलं जोखड तुम्ही परत आमच्या मानेवर ठेवताय. चहा येतो, वाद तसाच राहतो.

मला या वादात पंडिता रमाबाईंचं आयुष्य फार कामाचं वाटतं. शाळेत आपल्याला त्यांच्याबद्दल चार ओळी असतात, संस्कृत पंडिता, विधवांसाठी काम, धर्मांतर, संपलं. पण ते धर्मांतर एका दिवसात उरकलेलं नाहीये. बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ ला, इंग्लंडात वाँटेजला. आणि १९०७ मध्ये स्वतःची साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. आता ही आठ वर्षं काही हातावर हात ठेवून बसलेल्या बाईची नाहीत. त्या अमेरिकाभर फिरल्या, भाषणं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर पुस्तक लिहून पैसा उभा केला, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे सुरुवातीलाच आलेली विधवा गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. बाहेरून बघणाऱ्याला हिचं काय अडलंय असंच वाटलं असतं. आणि ती बाई लिहिते की आतून मला शांती नव्हती.

यामागे त्यांचं लहानपण आहे असं मला वाटतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान, पुराण सांगत सगळं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं फिरत होतं. दुष्काळ आला तेव्हा व्रतं केली, अनुष्ठानं केली, जवळचं होतं नव्हतं ते विकून दान केलं, आणि देव पावेल म्हणून वाट बघत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनात एक गोष्ट पक्की बसणारच, की आपण काहीतरी पुण्य गाठीला बांधल्याशिवाय वरून काही मिळत नाही. बाप्तिस्म्याने करायच्या गोष्टींची यादी बदलली, तो हिशोब मात्र तसाच राहिला. मग बायबल परत नीट वाचताना त्यांच्या ध्यानात आलं की मी लायक होईन याची देव वाट बघत बसलेला नाही, माझी काही कमाई नसताना तो माझ्यावर प्रेम ओततोय. साक्षीत हे त्या लिहितात तेव्हा लहानपणापासूनची समजूत किती वेगळी होती तेही सांगतात.

तर माझा मुद्दा असा की बदल हा कृपेच्या आधी मागितलेला दाम नाहीच, तो नंतर येतो आणि त्याला वेळ लागतो, कधी वर्षं लागतात. आणि तो खरा आहे की नाही हे नियम पाळण्यावरून कळत नाही, माणूस कशाला घाबरायचा थांबला त्यावरून कळतं. तुम्हाला काय वाटतं?

कुपारी_वसई

छान धागा शलाकाताई. मी कॅथलिक, त्यामुळे एक गोष्ट आधी बोलतो. तुमच्या लिहिण्यावरून बाप्तिस्म्यात काहीच झालं नाही, आठ वर्षं वाया, असा कोणी अर्थ काढेल. आम्ही तसं मानत नाही. बाप्तिस्म्यातच कृपा मिळते, पण ती उमगायला आणि तिला होकार द्यायला माणसाला वेळ लागतो. रमाबाईंना १८८३ मध्ये मिळालेलं १८९१ च्या सुमाराला कळलं असं मी म्हणेन.

दुसरं, कर्म की कृपा यावर कॅथलिक एका बाजूला आणि प्रॉटेस्टंट दुसऱ्या बाजूला असं चित्र अजून बऱ्याच लोकांच्या डोक्यात आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्जबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्यात, २००६ ला मेथडिस्टही त्यात आले. त्यात दोघांनी मिळून हेच म्हटलंय की आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा मिळून सत्कर्मांसाठी आपण तयार होतो. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण भांडण चारशे वर्षांपूर्वी होतं तिथेच आहे असं धरून बोलायला नको.

आमच्याकडे फ्रान्सिस दिब्रिटो फादरांनी सुबोध बायबल केलं तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पौलाची पत्रं पहिल्यांदा सलग वाचली. माझ्या मावशीचं म्हणणं होतं की मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तुकड्यातुकड्याने ऐकलं की पौल रागीट वाटतो, सलग वाचला की बापासारखा वाटतो.

चिंचवडकर९४

मी इथे वाचनमात्र असतो, आज लिहितोय.

शलाकाताई तुम्ही शेवटी लिहिलंय ना, माणूस कशाला घाबरायचा थांबला, तिथे मी अडकलो. मी कॉलेजला असताना एका फेलोशिपमध्ये गेलो, नाव घेत नाही. सुरुवातीला खूप प्रेम मिळालं ते खरंच होतं, नाकारणार नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट यायला लागली, बायकांनी बांगड्या काढा, टिकली काढा, घरातला टीव्ही काढा, सिनेमा नाही, नात्यातल्या लग्नाला गेलात तर जेवू नका, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग, तो किती दिला ते वहीत आणि ती वही सगळ्यांपुढे वाचायची, उपासाला नाही आलास तर फोन. आणि प्रत्येक वेळी शब्द मात्र कृपा, कृपा, कृपा. गाण्यात कृपा, उपदेशात कृपा, आणि घरी जाताना पोटात गोळा. आईने माझ्यासाठी केलेला प्रसादाचा शिरा मी तिच्यासमोर ताटातून बाजूला सारला होता, ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

आता तिथे जात नाही. पण मोकळं वाटायला हवं ना, ते वाटत नाही. रविवारी सकाळी नऊ वाजले की धडधडतं. प्रार्थना करायला बसलो की मी काय काय केलं नाही त्याची यादीच डोळ्यासमोर येते. मग प्रश्न असा की मी कृपेतून पडलो का? गलतीकरांत तसं वाक्यच आहे ना, कृपेला अंतरला आहात म्हणून. ते वाक्य मला तिथे फार ऐकवलं गेलंय.

शलाका_नगर

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. बाकीचं नंतर, आधी त्या वाक्याबद्दल. गलतीकर ५:४. ते वाक्य पौल कोणाला म्हणतोय ते वरच्या तीन ओळींतच आहे. विश्वास ठेवल्यावर आता सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, तरच तुम्ही पूर्ण ख्रिस्ती, असं सांगणारे लोक गलतीयात आले होते आणि मंडळी त्यांच्या नादी लागत होती. पौल त्यांना म्हणतो की नियमाच्या जोरावर नीतिमान ठरू बघणारे तुम्ही, तुम्ही कृपेला अंतरलात. म्हणजे टीव्ही बघणाऱ्याला किंवा उपास चुकवणाऱ्याला उद्देशून ते नाहीच. ज्यांनी यादी आणली त्यांच्या मागे जाणाऱ्यांना आहे. तुमच्यावर ते वाक्य बरोबर उलट्या बाजूने वापरलं गेलं, आणि हे वाचून मला संताप आला.

सेवानिवृत्त_मास्तर

शलाकाबाईंशी पूर्ण सहमत. आयुष्यभर जालन्याकडे मराठी शिकवलं आणि रविवारी उपदेश केला, तेव्हा थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आठ वर्षांचं नवल वाटतंय अनेकांना. रमाबाई त्यात एकट्या नाहीत. मेथडिस्ट पंथाचा जनक, इंग्लंडातला जॉन वेस्ली हा दीक्षित पाळक होता, पहाटे उठून प्रार्थना, तुरुंगात कैद्यांच्या भेटी, गरिबांना पैसे, सगळं काटेकोर, मिशनरी होऊन समुद्रापार अमेरिकेत जॉर्जियाला जाऊन आला, आणि हात हलवत परत आला तो मनाने खचून. २४ मे १७३८ ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका लहानशा सभेत कोणीतरी रोमकरांस पत्राची लुथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, ते ऐकताना याच्या अंतःकरणात ऊब आली आणि त्याला पहिल्यांदा खात्री वाटली की ख्रिस्ताने माझं, हो माझंसुद्धा पाप दूर केलंय. पाळक झाल्यावर दहा वर्षांनी!

आणि त्या आठ वर्षांनंतर रमाबाईंच्या हातात एक पुस्तक पडलं, ते विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं. त्याची गोष्ट तर अजून नवलाची आहे. कॉर्नवॉलमध्ये बाल्ढू गावी हा पाळक, चर्च स्वतः उभं केलेलं, विधी सगळे नीट. १८५१ मध्ये एका रविवारी ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते या वचनावर उपदेश करता करता याला स्वतःलाच उमगलं की आपण परुश्यांच्याच, म्हणजे नियम काटेकोर पाळूनही ख्रिस्त न ओळखलेल्या धर्मपुढाऱ्यांच्याच, जागी उभे आहोत, आणि त्याचा चेहरा, आवाज सगळं असं बदललं की खाली बसलेला एक स्थानिक उपदेशक उठून ओरडला, पाळकाचं परिवर्तन झालं! म्हणजे उपदेश करणारा आपल्याच उपदेशाने वाचला. रमाबाईंनी हे वाचलं तेव्हा त्यांना आपलीच गत दिसली असणार, सगळं आहे आणि मूळ तेवढं नाही.

चिंचवडकर, तुमच्यासाठी एकच. योहान ८. व्यभिचारात पकडून आणलेली बाई. येशू दोन गोष्टी बोलतो, त्यांचा क्रम बघा. मी तुला दोषी ठरवत नाही, हे आधी. जा, यापुढे पाप करू नको, हे नंतर. तुमच्या फेलोशिपने दुसरं आधी घेतलं आणि पहिल्याला अट लावली. क्रम फिरवला की शुभवर्तमान राहत नाही, शब्द सगळे तेच असले तरी.

पुस्तकवेडा_पुणे

मी हिंदू आहे, रमाबाईंबद्दल आदर आहे म्हणून धागा उघडला. दोन गोष्टी मांडतो, राग नसावा.

एक, शलाकाताईंनी डोंगरे कुटुंबाचं लिहिलंय ते रमाबाईंचं स्वतःचं सांगणं आहे, ते मान्य. पण त्यावरून हिंदू धर्म म्हणजे पुण्याचा हिशोब आणि ख्रिस्ती म्हणजे कृपा असं कोणी समजू नये. आपल्याकडे तर यावर पंथ फुटलेत. श्रीवैष्णवांत एक मर्कट न्याय आणि एक मार्जार न्याय. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून बसतं, सुटलं तर पडेल. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आईच त्याची मान धरून उचलून नेते. तेंगलै पंथ दुसऱ्या बाजूचा. आणि तुकोबांचं तर काय सांगायचं, पतित आहे म्हणूनच हक्काने दारात बसलोय हा सूर गाथेत जागोजाग आहे.

दोन, १८९३. शारदा सदनात धर्मशिक्षण देणार नाही या बोलीवर लोकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर हे काही सनातनी नव्हते, सल्लागार मंडळात होते, त्यांनीही राजीनामे दिले. पालकांचा विश्वास मोडला ही भावना खोटी नव्हती. कृपेने मोकळ्या झालेल्या माणसाने दुसऱ्याला दिलेला शब्द कसा सांभाळायचा, हाही प्रश्न या धाग्यात यायला हवा.

शलाका_नगर

राग कसला, तुम्ही मांडलंत ते हवंच होतं. तुकोबांबद्दल तर रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः सांगायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मांजरीच्या पिल्लाबद्दल एवढंच, पौल हे दोन्ही एका दमात म्हणतो, फिलिप्पै २:१२-१३, आपलं तारण भीत कापत साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं दोन्ही देवच तुमच्यात घडवतो. साधून घ्यायचं कारणच हे की घडवणारा तो आहे. मला हे वाक्य अजून पूर्ण पेलत नाही पण आवडतं.

आता १८९३. इथे मला थांबून लिहायचंय, कारण मोकळीक म्हणजे काय ते मला इथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं. सदन तेव्हा पुण्यात आलेलं. तिथल्या मुलींना आपापली व्रतं, पूजा, सोवळं पाळायची मुभा होती, ग्रंथालयात हिंदू ग्रंथही होते आणि बायबलही. रमाबाई मुलगी मनोरमाला घेऊन स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपण होऊन येऊन बसायला लागल्या. मागणी आली की दार लावून घ्या, मुलींना येऊ देऊ नका. त्यांनी नाही म्हटलं. बाकीच्या मुलींना त्यांच्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक आहे तशी मलाही माझ्या घरात आहे, आणि माझ्याजवळ येणाऱ्या मुलीला मी हाकलणार नाही, असा त्यांचा पवित्रा. केसरीने झोडपलं, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या, उभं केलेलं सगळं बुडायची वेळ आली.

तुम्ही म्हणता शब्दाचं काय. मला वाटतं करार शिकवण्याबद्दल होता, लपण्याबद्दल नव्हता. पण पालकांना वाटलं ते वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही अस्वस्थ झाले असते. मला यात दिसतं ते एवढंच की दहा वर्षांपूर्वी हीच बाई सगळ्यांची मान्यता जमवत होती, आणि आता रानड्यांसारखा माणूस हातातून जातोय तरी त्या डगमगत नाहीत. इतरांच्या नजरेतून मोकळ्या झाल्याशिवाय हे होत नाही.

पुस्तकवेडा_पुणे

दाराचं पटलं अर्धं. पालकांच्या बाजूबद्दल माझं मत कायम, पण त्या घाबरल्या नाहीत हे खरंच.

मनवा_टोरांटो

या मोकळेपणाची सुरुवात मला त्यांच्या वाँटेजच्या पत्रांतही दिसते, म्हणजे १८९१ च्या बऱ्याच आधी. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्मआई, खूप जीव होता दोघींचा, आणि भांडणंही तितकीच. विषय काय तर रमाबाई मांस खात नाहीत, अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, साडी सोडत नाहीत, मग हे जातीचे पूर्वग्रह अजून सुटले नाहीत असं सिस्टरांना वाटायचं. रमाबाईंचं उत्तर काय, तर एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि कोणाला त्रास नसताना तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का! क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, यावरही पत्रापत्री. आणि सगळ्यात मोठं म्हणजे श्रद्धेचं. अमुक सिद्धांत चर्च सांगतं म्हणून मान, असं म्हटल्यावर त्यांनी लिहिलं की आत्ताच महाप्रयासाने आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून सुटलेय, लगेच दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं नाही असं बिशपांनी म्हटल्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत.

मी इथे टोरांटोत मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या गटात हे वाचून दाखवलं तर निम्मे म्हणाले ही तर बंडखोरी, कृपेचा यात काय संबंध. मला संबंध दिसतो पण नीट सांगता येत नाही.

शलाका_नगर

मनवा, मला वाटतं वाँटेजला त्यांनी जोखड कोणतं नको ते ओळखलं होतं, पण जोखडाशिवाय उभं कशावर राहायचं ते अजून सापडलेलं नव्हतं. नुसतं नाही म्हणता येणं ही अर्धी मोकळीक झाली. गलतीकर ५:१ मध्ये पौल स्वातंत्र्यात स्थिर राहा म्हणतो आणि ५:१३ मध्ये लगेच, ते स्वातंत्र्य देहाला वाव म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. रमाबाईंचं ५:१ वाँटेजला दिसतं, ५:१३ पुण्याजवळ केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये.

लक्ष्मीची_वाचक

अवांतर नाही पण थोडं वेगळं. तुम्ही सगळे आतल्या शांतीबद्दल बोलताय, मला ताटाबद्दल बोलायचंय.

गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आणि येशूचा शिष्य पेत्र यांचं जे भांडण आहे ते कशावरून? अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमहून माणसं आली तशी घाबरून उठून वेगळा बसायला लागला. पौलाने सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. कृपेचा एवढा मोठा सिद्धांत पौल मांडतो तो कोण कोणाच्या पंगतीला बसतं यावरून. मग आपल्या मराठी मंडळ्यांनी तरी तो विषय तिथूनच घ्यायला नको का?

लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. त्यांचे पती ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९००. मधली वर्षं त्या सोवळं सांभाळून वेगळं शिजवून राहिल्या, आणि त्यांचं सोवळं सुटलं ते बाप्तिस्म्याच्या आधी. माणूस देवाने केला, जाती माणसाने केल्या, हे एकदा मनाशी ठरल्यावर कोणाच्याही हातचं खायला प्यायला लागल्या. नवऱ्याने सक्ती केली नाही, मिशनने केली नाही. स्मृतिचित्रे वाचताना मला वाटतं की पवित्र आत्मा पाण्याच्या आधीच कामाला लागला होता.

आणि आज? आमच्याकडे स्थळ बघायला येतात, दोन्ही घरं चार पिढ्यांची ख्रिस्ती, उपासना संगीतातली टिळकांची गाणी दोन्ही घरांना पाठ, आणि चहा झाल्यावर हळूच विचारतात, तुम्ही मूळचे कुठले, आडनाव आधी काय होतं. बांगड्या आणि टीव्हीवर उपदेश ऐकले, या प्रश्नावर एकही ऐकला नाही. कृपेखाली मोकळं व्हायचं तर आधी यातून व्हा.

सेवानिवृत्त_मास्तर

ताई, दंडवत. यावर मी उपदेश केलाय आणि त्यानंतर काही घरांनी बोलणं टाकलं, पण ते असो. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के गलतीकर दोन आहे.

कुपारी_वसई

आमच्याकडेही तेच आहे, कॅथलिक असून. लक्ष्मीची_वाचक यांच्या प्रतिसादावर वेगळा धागा निघायला हवा.

चिंचवडकर९४

सगळं परत परत वाचतोय. मास्तर, ते क्रमाचं डोक्यात बसलं. पण एक विचारतो, प्रामाणिकपणे. यादी काढून टाकली तर मग बदल होतो कशाने? तिथे निदान भीतीने का होईना मी सिगरेट सोडली होती. आता परत सुरू आहे. म्हणजे भीती काढली तर पाप वाढलं, मग ते लोक बरोबर होते का?

शलाका_नगर

नाही. भीतीने सिगरेट सुटते हे खरं आहे आणि भीती गेली की परत येते हेही तुम्हीच सांगितलंत, म्हणजे आत काही बदललं नव्हतं, नुसतं दाबलं होतं. रोमकर ६ च्या सुरुवातीला पौलाला हाच प्रश्न विचारलाय, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का. त्याचं उत्तर नियम कडक करा असं नाहीये. तो म्हणतो तुम्ही कोण झालात ते आठवा, ख्रिस्ताबरोबर मेलात आणि त्याच्याबरोबर जिवंत आहात. आणि तीत २:११-१२ मध्ये तर तो कृपेलाच शिक्षिका करतो, अभक्ती नाकारायला आणि मर्यादेने जगायला कृपाच शिकवते म्हणतो. २ करिंथ ३:१८ मध्ये आपण प्रभूचं तेज बघता बघता त्याच्या प्रतिमेत पालटत जातो असं आहे. बघता बघता. स्वतःकडे, वहीकडे, सिगरेटकडे बघता बघता नव्हे. सिगरेटसाठी डॉक्टरकडे जायचं असेल तर जाच, त्यात कमी विश्वास वगैरे काही नाही.

यावर परत केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, आणि त्या त्यांनी स्वतः लहानपणी भोगलेल्या उपासमारीच्या आठवणीने आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे २००० जणी होत्या. एवढ्या तोंडांना घालायचं काय याची कुठलीही हमी हातात नव्हती. आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. केडगावच्या आवारात एक वेगळं घर होतं, समाजाने वाईट चालीची म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. त्याचं नाव कृपासदन. इंग्लंडात असताना त्यांनी फुलमला सिस्टर लोकांचं अशाच बायकांमधलं काम बघितलं होतं आणि तिथे त्यांना शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली होती, योहान ४. विहिरीवर पाच नवरे झालेली बाई, आणि येशू तिच्याशी बोलायला सुरुवात करतो ती तिच्याकडे पाणी मागून. आधी सुधारून ये म्हणत नाही. फुलमला बघितलेलं मनात राहिलं आणि केडगावला त्याचं घर झालं.

त्या घरात आलेल्या बाया एका रात्रीत गुणी झाल्या नसतील. शिव्या देणाऱ्या, पळून जाणाऱ्या, चोरणाऱ्याही असतील, कुठल्याही अशा घरात असतात. त्यांना आधी भाकरी, अंथरूण आणि काम मिळालं. आणि मुक्तीतल्या कितीतरी बायकांना काम मिळालं छापखान्यात. अक्षरांचे खिळे जुळवायचे, पानं छापायची, बांधायची, सगळं बायकांनी. रमाबाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल केलं, एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ ला गेली त्यानंतरही काम थांबलं नाही, त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि छापील बायबल १९२४ ला बाहेर आलं. टाकून दिलेल्या बायकांच्या हातांनी जुळवलेलं बायबल! मला कोणी विचारलं कृपेने बदल होतो म्हणजे काय होतं, तर मी हे दाखवते.

पुस्तकवेडा_पुणे

छापखान्याचं माहीत नव्हतं, म्हणजे बायबल माहीत होतं, जुळारी बायका होत्या हे नव्हतं. केडगाव इथून तासा-दीड तासावर आहे आणि मी एकदाही गेलो नाहीये.

मनवा_टोरांटो

माझं उत्तर मिळालं शलाकाताई. आमच्या गटात कृपासदनाचं सांगते. १९०५ च्या मुक्तीतल्या जागृतीबद्दल मात्र सगळ्यांना माहिती असते, मुली रात्रभर प्रार्थना करत होत्या, रडत होत्या वगैरे, आणि सगळ्यांना तेच हवं असतं.

सेवानिवृत्त_मास्तर

हो, आणि ती जागृती जिथे झाली तिथे आधी कित्येक वर्षं पिठाच्या गिरण्या, विहिरी आणि आजाऱ्यांची सेवा चालली होती हे सांगायला विसरू नका. अनुभवाचा मी विरोधक नाही, वेस्लीचं मीच लिहिलं वर. पण ऑल्डर्सगेटनंतर वेस्ली घोड्यावर बसून पन्नास वर्षं खाणकामगारांत हिंडला.

चिंचवडकर९४

शेवटचं विचारतो मग त्रास देत नाही. दशांशाचं काय करायचं? अजून दर महिन्याला पगार झाला की हात थरथरतो, नाही दिलं तर काहीतरी होईल असं वाटतं. आणि रविवारी जाऊ कुठे?

शलाका_नगर

त्रास कसला. २ करिंथ ९:७, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने नाही, देणं भाग पडतं म्हणूनही नाही. हात थरथरतोय तोवर देऊ नका, असं मी तरी सांगेन, देव तुमच्या पगारावर चालत नाही. देण्याची इच्छा आपण होऊन होईल तेव्हा द्या, आणि पहिल्यांदा आईला काहीतरी घेऊन जा.

रविवारचं. पिंपरी चिंचवडमध्ये बऱ्याच मंडळ्या आहेत, कुठेही मागच्या बाकावर बसून बघा. वही वाचत असतील तर उठून या. आणि त्याआधी गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचा, सहाच अध्याय आहेत, अर्धा तास लागतो. ज्या पत्रातलं एक वाक्य काढून तुम्हाला मारलं ते पत्र पूर्ण तुमच्या बाजूचं आहे.

लक्ष्मीची_वाचक

आणि आईकडे गेलात की तिच्या हातचा शिरा खा. १ करिंथ ८ आणि १० मधली मूर्तीला दाखवलेल्या अन्नाची चर्चा मला माहीत आहे, त्यावर इथे मतभेद होतील ते होऊ देत. प्रसाद म्हणून नको वाटत असेल तर तिला सांगा, आई माझ्यासाठी नुसता शिरा कर. ती करेल.

चिंचवडकर९४

आत्ता वाचायला घेतलं. पहिला अध्याय झाला. पौल किती चिडलाय, बाकीच्या पत्रांत सुरुवातीला आभार वगैरे मानतो तेही इथे नाही, सरळ तुटून पडलाय. पण तो त्या साध्या लोकांवर चिडलेला वाटत नाही, ज्यांनी त्यांना घोळात घेतलं त्यांच्यावर चिडलाय. मला आजवर वाटायचं माझ्यावर.

शिऱ्याचं रविवारी बघतो. चर्च पुढच्या.

सेवानिवृत्त_मास्तर

४:१९ ला पोचलात की इथे लिहा. तिथे तो त्यांना माझ्या मुलांनो म्हणतो आणि तुमच्यात ख्रिस्ताचं स्वरूप तयार होईपर्यंत मला परत प्रसूतीच्या वेणा होताहेत म्हणतो. आपण तिथून पुढे बोलू.